खुनाआधी कर्जखत

बोटांच्या ठशांची कुळकथा सांगणारे बहुतेक जण खुनापासून सुरुवात करतात. माझ्या मते ती कर्जखतापासून व्हायला हवी, आणि त्यासाठी बारामती तालुक्यातल्या सुप्यात जायला हवे.

१२ मे १८७५, बाजाराचा दिवस. सुप्यात जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले; वह्या आणि खते हिसकावून त्यांनी जाळली. दुखणे जुने होते. शेजारच्या इंदापुरात १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणी करून सारा बसवला. ३० वर्षांनी फेरआकारणीत तो वाढला. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांवर आणली, तर सावकार दर तीन वर्षांनी मुद्दल-व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेऊ लागला. निरक्षर कुणबी त्याखाली नांगराची निशाणी करी. तो नांगर नेमका कोणी काढला, हे कोर्टात कसे ठरवणार?

बंगालमध्ये ब्रिटिश सनदी अधिकारी विल्यम हर्शेल यांच्यापुढेही हाच पेच होता. १८५८ साली जंगीपूरला त्यांनी राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याचा पंजाच उमटवून घेतला, पुढे त्याने सही नाकारू नये म्हणून. १८७७ साली हुगळीत ते दस्तनोंदणीला ठसे घेऊ लागले, सुप्यानंतर दोनच वर्षांनी. सुप्यापासून पेटलेल्या दख्खनच्या दंग्यांचा बोभाटा त्यांच्या कानावर गेला असणारच, असा माझा तर्क आहे. आपल्याकडे मात्र कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठीच्या १८७९च्या कायद्याने खत ग्रामनिबंधकासमोर करायला लावले. तिथे बोटावर भरवसा, इथे माणसावर.

स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांचे कैवारी इथे अडवतील. टोकियोतून त्यांनी १८८० साली ‘नेचर’मध्ये लिहिले, की ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल. ते श्रेय त्यांचेच. पण बोटावरच्या रेषा वर्षानुवर्षे बदलत नाहीत, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी दाखवले ते हर्शेल यांनी जपलेल्या जुन्या ठशांच्या आधारे. तो पाया नसता तर घटनास्थळीचा ठसा निव्वळ डाग ठरला असता. म्हणून माझे मत दप्तराच्या बाजूने.

१८९७ साली बंगाल पोलिसांतल्या अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या वर्गीकरणावर कलकत्त्यात ठसे कार्यालय उभे राहिले. त्याच वर्षी जलपायगुडीत चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. तिथल्या बंगाली पंचांगावरचा रक्ताळलेला ठसा कांगाली चरणच्या आधीच्या शिक्षेवेळी नोंदलेल्या ठशाशी जुळला. कोर्टाने त्याला चोरीसाठी शिक्षा दिली, खुनातून सोडले: हात लागला एवढेच ठशाने सांगितले होते. १८९९ साली पुरावा कायद्यात दुरुस्ती झाली आणि ठसेतज्ज्ञाचे मत कोर्टात ग्राह्य झाले.