उशिराचा कागद आणि हरकत

आपल्या कामठीच्या दिवाणी कोर्टात साक्षीपुरावा झाल्यावर कुणी नवे कागद पुढे केले, की समोरचा वकील हरकत घेतो. लोकांना ही अडवणूक वाटते. आम्हाला ती तशी वाटत नाही. का, ते इतिहासात बघू.

अपिलात वाढीव पुरावा कधी घ्यावा, हे १८८२च्या दिवाणी संहितेच्या कलम ५६८ मध्ये होतं. मुंबईच्या केसवजी इस्सर यांच्या जी.आय.पी. रेल्वेविरुद्धच्या दाव्यात अपिलाच्या वेळी नवा पुरावा घेतला गेला. १९०७ साली प्रिव्ही कौन्सिलने तो गैर ठरवला: असलेला पुरावा तपासताना कोर्टालाच उणीव जाणवली, तरच नवा घ्यावा. पुढे १९०८च्या संहितेत हा विषय आदेश ४१, नियम २७ मध्ये आला. खालच्या कोर्टातही, २००२च्या दुरुस्तीनंतर, वेळेवर न दिलेल्या कागदाला कोर्टाची परवानगी लागते.

म्हणजे भांडण कागदाशी नाहीच. साक्षीदार उलटतपास देऊन गेला. आता त्या कागदाबद्दल विचारायचं कुणाला? म्हणून हरकतीत नुसतं ‘उशीर झाला’ लिहून भागत नाही. उशिराचं कारण दिलंय का, आणि आपली कोणती संधी गेली, हे लिहावं. परवानगी मिळालीच, तर साक्षीदार पुन्हा बोलावण्याची मागणी करावी.