बेंजोचा इतिहास कोण लिहिणार?

न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले आणि जगाचा माल कंटेनरमधून आमच्या दारात उतरू लागला. जगाचे संगीत मात्र कंटेनरची वाट पाहत थांबले नव्हते. इथल्या आगरी-कोळी गावांत हळदीला आणि आमच्या वस्त्यांत भीमजयंतीला बेंजो पार्टी वाजते. इतिहासाचा शिक्षक असूनही मी तिच्याकडे फार उशिरा पाहिले.

आपण ज्याला बेंजो म्हणतो तो मुळात बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज ‘ताइशोगोतो’ १९१२ साली जपानमधील नागोया येथे तयार झाला. आपल्याकडे त्याला वीज जोडली गेली, जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. नाव मात्र तिसरीकडचे. मूळ बँजो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडे ताणून अटलांटिकपलीकडे घडवला. पुढे तो जॅझमध्ये ठेका धरू लागला. लुई आर्मस्ट्राँगच्या १९२५ च्या ‘हॉट फाइव्ह’मध्येही तो होता. १९७२ साली दलित पँथरने कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून आपले नाव जाणीवपूर्वक घेतले. बेंजोचे नाव नकळत आपल्या गल्लीत येऊन बसले.

जॉन मॅक्लॉफ्लिन आणि मुंबईचे झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ने सत्तरच्या दशकात जॅझ आणि भारतीय संगीताचा मेळ घातला. २०२४ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले, ते योग्यच झाले. परंतु असा मेळ सभागृहात झाला तर प्रयोग आणि रस्त्यावर झाला तर गोंगाट, हा न्याय कोणाचा?

दोष केवळ प्रस्थापितांना देऊन भागणार नाही. अमेरिकेत गोऱ्यांनी तोंडाला काळे फासून, बँजो वाजवून गुलामांची टिंगल केली. पुढे अनेक काळ्या कलावंतांनी ते वाद्यच दूर सारले. आज रिअ‍ॅनन गिडन्ससारखी कृष्णवर्णीय कलावंत ते हक्काने परत घेते आहे. आपल्याकडे हलगी वाजवणे ही महार-मांगांवर लादलेली गावकी होती. ती सोडणे हा स्वाभिमानाचा निर्णय होता, आणि तो बरोबरच होता. पण वेठ टाकताना आपण वाद्याचीही लाज बाळगू लागलो. वेठ लादणारा गुन्हेगार होता. हलगीने काय केले होते?

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: आपल्या गावच्या बेंजोवाल्याकडे वही घेऊन जा. बेंजोला वीज कोणी जोडली, पहिला ऑक्टोपॅड कोणी आणला, एका रात्रीची बिदागी किती होती, हे विचारा. त्याचे उत्तर त्याच्याच नावानिशी लिहून ठेवा.