नॅनर्लची वही : मोझार्टच्या घरातला स्वरांचा कित्ता

१७५९ साली साल्झबुर्ग नगरात लेओपोल्ड मोझार्ट या दरबारी व्हायोलिनवादकाने आपल्या मुलीसाठी स्वरलेखनाची एक वही केली. ही वही कुमारी मारी आन मोझार्ट हिच्या मालकीची आहे, असे तिच्यावर फ्रेंच भाषेत नोंदवले होते. मुलगी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. घरी तिला नॅनर्ल म्हणत. तिचा धाकटा भाऊ वोल्फगांग तीन वर्षांचा होता. युरोपीय संगीताच्या इतिहासातील सर्वांत विख्यात बालरचना पुढे याच वहीत उतरल्या, परंतु त्या वहीच्या मालकिणीच्या नव्हेत.

लेओपोल्ड साधा शिक्षक नव्हता. १७५६ साली, म्हणजे वोल्फगांगच्या जन्मवर्षीच, त्याचा व्हायोलिनवादनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता आणि तो युरोपभर नावाजला गेला. आपल्या मुलांना मात्र त्याने छापील पुस्तकावरून शिकवले नाही. हाताने लिहिलेली वही हेच त्याचे पाठ्यपुस्तक होते.

ही रीत जुनी होती. कोथेन येथे २२ जानेवारी १७२० रोजी योहान सेबास्टियन बाखने आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, अशीच एक वही सुरू केली होती. स्वरांची नावे, आभूषणांच्या चिन्हांचा तक्ता, कोणत्या पट्टीवर कोणते बोट ठेवायचे हे दाखवणारा एक छोटा तुकडा, आणि मग हळूहळू अवघड होत जाणाऱ्या रचना असा तिचा क्रम आहे. काही पानांवर मुलाचे हस्ताक्षर आहे. त्यातील काही रचना बापाच्या की लेकाच्या, याबद्दल अभ्यासकांचे आजही एकमत नाही. या वहीतील दोन आवाजांच्या छोट्या रचना बाखने १७२३ मध्ये ‘इन्व्हेन्शन्स’ म्हणून स्वच्छ लिहून काढल्या. त्यांच्या मुखपृष्ठावर त्याने आपला हेतू सांगितला आहे : शिकणाऱ्याने दोन आवाज स्वच्छ वाजवावेत, त्याला चांगल्या कल्पना सुचाव्यात, त्या फुलवता याव्यात आणि रचनाशास्त्राची गोडी लागावी. आधी वाजवायला शिका, रचना मोठेपणी पाहू, अशी फाळणी त्याच्या मनात नव्हती.

त्याची दुसरी पत्नी आना माग्दालेना हिच्या १७२५ सालच्या वहीतही हेच दिसते. कार्ल फिलिप एमानुएल या मुलाने कोवळ्या वयात रचलेल्या मार्च आणि पोलोनेझ याच वहीत आहेत. अशा वह्यांत रचनाकाराचे नाव लिहायचा आग्रह नसे. जगभरचे पियानो शिकणारे विद्यार्थी जे ‘बाखचे मिन्युएट’ म्हणून वाजवतात, ते या वहीतले जी मेजरमधील मिन्युएट मुळात ख्रिश्चन पेट्झोल्डचे आहे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उजेडात आले. घरच्या वहीत कोणाची चीज कोणाची होऊन बसेल, याचा नेम नसे.

आता साल्झबुर्गच्या वहीकडे वळू. तिच्या आरंभी मिन्युएट आहेत. मिन्युएट हे तीन मात्रांचे दरबारी नृत्य. त्याची बांधणी अतिशय ठरीव असते : बहुधा आठ बारचा एक भाग, तो पुन्हा वाजवायचा, मग तेवढ्याच लांबीचा किंवा थोडा मोठा दुसरा भाग, तोही पुन्हा. (बार म्हणजे स्वरलिपीत दोन उभ्या रेघांमधला कप्पा.) पहिला भाग वाक्य अर्धवट टाकल्यासारखा थांबतो आणि दुसरा मूळ स्वरावर परत येतो. उजव्या हातात सुरावट, डाव्या हातात खर्जाचा एकेरी धागा. दहा-बारा मिन्युएट बोटांत बसली की मुलाच्या कानात हा साचा आपोआप तयार होतो. साचा तयार झाला की त्यात स्वतःचे काही ओतावेसे वाटतेच. कित्ता गिरवता गिरवता अक्षर आपले होते, तसाच हा प्रकार.

वाद्य मात्र बहुधा पियानो नव्हे. पियानोचा शोध लागून काही दशके झाली होती, पण तो अजून घरोघर पोचला नव्हता. वहीच्या मुखपृष्ठावर हार्पसिकॉर्डचाच उल्लेख आहे.

लेओपोल्डला नोंदी ठेवायची सवय होती, हे इतिहासाचे भाग्य. पहिल्या आठ मिन्युएटनंतर त्याने लिहिले आहे की ही आठही वोल्फगांगर्लने चौथ्या वर्षी शिकून घेतली. जरा पुढे वागेनझाइलच्या एका स्केर्त्सोखाली नोंद आहे : २४ जानेवारी १७६१, पाचव्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी, रात्री नऊ ते साडेनऊच्या दरम्यान. दोन दिवसांनी आणखी एक मिन्युएट, तेही अर्ध्या तासात. बहिणीसाठी लिहिलेले धडे भाऊ शेजारी बसून गिळत होता. त्या वर्षाच्या पूर्वार्धातच वहीत नवे शीर्षक येते : वोल्फगांगर्लच्या रचना, वयाच्या पाचव्या वर्षानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या.

त्यातील पहिली, आज के. १ए या क्रमांकाने ओळखली जाणारी रचना, अवघ्या दहा बारची आहे. एका बारची कल्पना, तिचीच पुनरुक्ती. दुसरी कल्पना, तिचीही पुनरुक्ती. मग एकाएकी तीन मात्रांचा ठेका सुटून दोन मात्रांचा सुरू होतो आणि तुकडा संपतो. शिस्तीच्या दृष्टीने हे चूकच. हस्ताक्षर सर्वस्वी लेओपोल्डचे आहे, कारण मुलाला अजून स्वर लिहिता येत नव्हते. त्यामुळे बापाने यात किती हात घातला, ही शंका अभ्यासक नेहमी घेतात आणि ती रास्त आहे. पण मध्येच बदललेला तो ठेका मुलाच्या बाजूने साक्ष देतो. एवढा काटेकोर संगीतज्ञ दुरुस्ती करायला बसला असता, तर त्याने सर्वांत आधी तोच सरळ केला असता. त्याने तो तसाच उतरवून घेतला. रचना शिकवणाऱ्याचे निम्मे काम हेच असते : मुलाने वाजवलेले लिहून ठेवणे, आणि लिहिताना हात आवरणे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, ११ आणि १६ तारखेला, आणखी दोन रचना आल्या. दुसरी आहे साचेबंद मिन्युएट. हे पान आज न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आहे.

दरबारातला ट्रम्पेटवादक शाख्टनर हा या घरचा स्नेही. त्याने सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. तो आणि लेओपोल्ड घरी आले, तेव्हा चार वर्षांचा मुलगा काही लिहीत होता. टाक दौतीच्या तळापर्यंत बुडवायचा, कागदावर शाईचा डाग पडला की तळहाताने पुसायचा आणि त्यावरच पुढे लिहायचा. काय चालले आहे म्हणून विचारले, तर क्लेव्हियरचा कॉन्चेर्टो, पहिला भाग होत आला! दोघे हसले, मग लेओपोल्डने तो कागद नीट पाहिला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ही हकीकत शाख्टनरने एप्रिल १७९२ मध्ये, वोल्फगांगच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, नॅनर्लला पत्रातून कळवली. तीस वर्षांपूर्वीची आठवण, तीही दिवंगत थोर पुरुषाची. तेव्हा ती जपूनच वाचावी. शाईचे डाग तेवढे खरे वाटतात.

घरातल्या वहीतली रचना जगापुढे नेण्याची घाई लेओपोल्डला होती. १७६३ मध्ये हे कुटुंब युरोपच्या दीर्घ दौऱ्यावर निघाले. वही बरोबर होती. १४ ऑक्टोबर १७६३ रोजी ब्रसेल्स येथे तिच्यात एक अलेग्रो लिहिला गेला. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये तोच अलेग्रो, व्हायोलिनच्या साथीची भर घालून, छापील सोनाटात आला. वोल्फगांगचे हे पहिले प्रकाशन पंधराव्या लुईच्या कन्येला, मादाम व्हिक्टोआर हिला, अर्पण केलेले होते. मुखपृष्ठावर रचनाकाराचे वय सात वर्षे छापले आहे. प्रत्यक्षात छपाईच्या सुमारास तो आठ वर्षांचा झाला होता. जाहिरात कशी करावी हे लेओपोल्डला शिकवावे लागले नसते.

नॅनर्ल याच दौऱ्यात भावाच्या बरोबरीने वाजवत होती. आपली बारा वर्षांची मुलगी युरोपातील अत्यंत निष्णात वादकांपैकी आहे, असे बापानेच १७६४ मध्ये पत्रात लिहिले. त्याच वर्षी लंडनजवळ चेल्सी येथे लेओपोल्ड आजारी पडला आणि घरात वाद्याला हात लावायची बंदी आली. वोल्फगांगने तेव्हा सिम्फनी लिहायला घेतली. नॅनर्ल शेजारी बसून उतरवून घेत होती. हॉर्नला काही चांगले काम द्यायचे आहे, मला आठवण कर, असे भावाने तिला बजावले होते. ही आठवण तिची स्वतःची, प्रौढ वयात सांगितलेली.

डिसेंबर १७६९ मध्ये बाप आणि मुलगा इटलीला निघाले. अठरा वर्षांची नॅनर्ल आईजवळ साल्झबुर्गलाच राहिली. पुढील उन्हाळ्यात तिने स्वतः रचलेले एक गाणे भावाला पाठवले. ७ जुलै १७७० रोजी रोमहून त्याचे उत्तर आले. तू इतके सुंदर रचतेस याचे मला आश्चर्य वाटते, गाणे उत्तम झाले आहे, असे प्रयत्न अधिक वेळा कर, असा त्या ओळींचा आशय. ज्या मुलीने एकाच वहीवर, एकाच गुरूकडे, भावाआधी धडे घेतले, तिने रचना केली याचे नवल भावाला वाटावे, यातच सारे आले. तिच्या रचना वोल्फगांगच्या तोडीच्या होत्या, असे कोणी म्हणू नये. पाहायला एकही रचना हाती नाही. उतरवून घेणारा हात या घरात होता, पण तो एकाच मुलासाठी वापरला गेला, एवढे मात्र कागदपत्रांवरून म्हणता येते.

आठ वर्षांनी वोल्फगांग स्वतः गुरूच्या जागी बसला. १७७८ मध्ये पॅरिसला ड्यूक द गीन याच्या मुलीला तो रोज दोन तास रचना शिकवत होता. ती हार्प उत्तम वाजवी, स्मरणशक्ती दांडगी, पण स्वतःचे काही सुचत नसे. १४ मे रोजी त्याने वडिलांना लिहिलेले पत्र म्हणजे अध्यापनाचा उत्कृष्ट दस्तऐवज आहे. आधी त्याने मिन्युएट देऊन त्यावर बदल करायला सांगितले, जमले नाही. मग पहिला बार आपण बदलून दाखवला आणि याच कल्पनेवर पुढे जा म्हटले, बऱ्यापैकी जमले. मग स्वतः आरंभ कर म्हटले, तर पाव तास गेला आणि काहीच नाही. शेवटी त्याने चार बार लिहिले आणि म्हणाला, पाहा, मी कसला गाढव, मिन्युएट सुरू केले आणि पहिला भागसुद्धा पुरा करता येत नाही. तेवढे तुम्हीच पुरे करा. बऱ्याच कष्टांनी तिने ते केले. घरचा अभ्यास म्हणून त्याने तेच चार बार दिले : खालची स्वरसंगती हवी तर तशीच ठेवा, सुरावट बदला.

पत्रात वैताग आहे. लेओपोल्डचे उत्तर त्याहून मोलाचे आहे. चार धडे झाले नाहीत तोच तिने स्वतःच्या कल्पना लिहाव्यात, अशी अपेक्षा? सर्वांना तुझी प्रतिभा असते काय? तिची स्मरणशक्ती चांगली आहे ना, मग तिला चोरू दे. सभ्य भाषेत सांगायचे तर उपयोग करू दे. धीर येईपर्यंत आरंभी काही होत नसते. एकोणीस वर्षांपूर्वीच्या वहीची सारी पद्धत या तीन-चार वाक्यांत आहे. ही वाक्ये लिहिली गेली तेव्हा त्या वहीची मालकीण सव्वीस वर्षांची होती आणि त्याच घरात राहत होती.

१७८४ मध्ये लग्न होऊन ती सांक्ट गिल्गेनला गेली. १८०१ मध्ये पती वारल्यावर साल्झबुर्गला परतून तिने पियानोच्या शिकवण्या केल्या. वही तिच्याजवळच होती. भावाचे नाव युरोपभर झाले, तशी लोक त्याची आठवण मागू लागले. नॅनर्ल वहीतली पाने काढून भेट म्हणून देत असे. त्यामुळेच काही पाने दूरदेशी गेली आणि काही कायमची हरवली. उरलेली वही १८६४ मध्ये साल्झबुर्गच्या मोझार्टेउम संस्थेकडे आली. १७७० च्या उन्हाळ्यात रोमला गेलेले ते गाणे त्या वहीत नाही, आणि आजवर कोठेही सापडलेले नाही.