आडवे शब्द, उभे शब्द

दिवाळी अंक घरात आला की कोणी आधी कथा उघडतो, कोणी व्यंगचित्रे पाहतो. आणि एखादा मात्र पेन्सिलीला टोक काढून मुकाट्याने शब्दकोड्याच्या पानाकडे वळतो. घरची मंडळी त्याला ‘रिकामटेकडा’ म्हणून मोकळी होतात. मी पेशाने शिक्षक आणि हौसेने कादंबरीकार. दोन्हीकडे शब्दांवरच पोट आणि प्रतिष्ठा अवलंबून असल्यामुळे या बापड्याचे वकीलपत्र घेणे मला प्राप्तच आहे.

शब्दकोड्यावर रिकामपणाचाच आळ आला असे नाही. एके काळी त्याच्यावर जुगाराचाही आळ आला होता, आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या अंकात शंकरपाळ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले, तेव्हा तो निव्वळ करमणुकीचा मामला होता. आपल्याकडे मात्र कोड्याला प्रवेशमूल्य आणि बक्षीस चिकटले, आणि गंमत पालटली. मुंबई सरकारने १९४८ साली अशा स्पर्धांवर परवान्याचा नि कराचा कायदा केला. बंगळूरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ साप्ताहिकातील ‘आर. एम. डी. सी.’ कोडी मुंबई राज्यातही खपत. म्हणून बाहेरच्या पत्रांनाही तो कायदा पुढे लागू करण्यात आला. १९५५ साली संसदेने आणखी पुढचे पाऊल टाकले. महिन्याला एकूण एक हजार रुपयांवर बक्षिसे नकोत आणि एका स्पर्धेला दोन हजारांवर प्रवेशिका नकोत, असे बंधन आले. आयोजक न्यायालयात गेले, आणि ९ एप्रिल १९५७ रोजी निकाल लागला. जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही. मात्र ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते, तिला हा कायदा लागू नाही, असे न्यायालयाने ठरविले.

आता कौशल्य कोठे संपते आणि नशीब कोठे सुरू होते, हे ओळखायचे कसे? त्यासाठी वकील लागत नाही, पेन्सिल पुरते. समजा, सूचना अशी आहे: ‘माणसाने हे जपावे’. दोन घरे, शेवटचे अक्षर ‘न’. संत म्हणेल ‘मन’, सावकार म्हणेल ‘धन’. दोघांचेही म्हणणे बिनतोड! पण बक्षीस मिळणार ते आयोजकाने लखोट्यात आधीच बंद करून ठेवलेल्या उत्तराला. दुसऱ्याच्या लखोट्यात काय आहे याचा अंदाज बांधण्यासाठी गोरगरिबांनी पगारातले पैसे मोडावेत, यात ज्ञानाचा संबंध तो काय?

आता दुसरी सूचना घ्या. ‘प्रवरेच्या काठचे गाव, येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.’ तीन घरे, आडवी. उत्तर ‘नेवासे’. त्याच पहिल्या घरातून खाली उभा शब्द: ‘नगरच्या किल्ल्यातील बंदिवासात १९४४ साली भारताचा शोध घेणारा ग्रंथ लिहिणारे.’ उत्तर ‘नेहरू’. आमच्या नगर जिल्ह्यातील दोन ग्रंथांच्या जन्मांमध्ये साडेसहाशे वर्षांचे अंतर, आणि दोन्ही सूचना येऊन मिळतात त्या एका ‘ने’च्या घरात! येथे लखोट्याची गरज नाही. आडवा शब्द उभ्याची साक्ष देतो, उभा आडव्याची. आणि उरलीसुरली शंका कोणत्याही वाचनालयात फिटते. सामान्यज्ञानाचे कोडे म्हणतात ते हेच.

ही साक्ष मराठीत इंग्रजीपेक्षा अधिक भक्कम असते. इंग्रजीत एका घरात सव्वीस अक्षरांपैकी एक. आपल्याकडे घर भरते ते काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांसकट. एकट्या ‘क’ची बाराखडी मांडली तरी बारा पर्याय झाले! म्हणून मराठी कोड्यात शब्दाला शब्द छेदणे अवघड, आणि काळी घरे अधिक. परंतु एकदा छेद जुळला की तो सहसा खोटा ठरत नाही. शुद्धलेखनाची चलाखी मात्र येथे चालत नाही. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. तेव्हापासून ‘नांव’ लिहिणाऱ्याचे घर ‘नाव’ लिहिणाऱ्याच्या घराशी जुळेना.

या घरांत जे शब्द येऊन बसतात, त्यांच्या कुळकथा पाहाव्यात. ‘अनल’ म्हणजे अग्नी आणि ‘अनिल’ म्हणजे वारा; ‘तोय’, ‘नीर’, ‘सलिल’ म्हणजे पाणी. ही मंडळी बाजारात कधी भेटत नाहीत. अमरकोशातून निघून त्यांनी कोड्यात बिऱ्हाड केले आहे. ‘दप्तर’, ‘इनाम’, ‘फर्मान’ हे फारसी-अरबी पाहुणे सुलतानांच्या दरबारांतून आले. १४९० च्या सुमारास उदयाला आलेली आणि १६३६ साली संपलेली आमची निजामशाही त्यांपैकीच एक. ‘पेशवा’ हे पद तिच्या दरबारातही होते. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करविला आणि ‘मुजुमदारा’चा ‘अमात्य’ झाला. आज दोन्ही शब्द कोड्यात गुण्यागोविंदाने नांदतात: एक सूचनेत, दुसरा उत्तरात. ‘पगार’, ‘चावी’, ‘बादली’ हे पोर्तुगीज गलबतांतून उतरलेले. आणि ज्या पेन्सिलीने आपण हे सारे लिहितो, ती इंग्रजांची.

म्हणून वर्गात इतिहासाचा तास संपत आला की मी कधी कधी फळ्यावर चौकट आखतो. ज्या मुलाला सनावळी पाठ होत नाही, तोही ‘चौंडी’ची दोन घरे भरण्यासाठी अहिल्याबाईंचे जन्मगाव शोधून काढतो. सर्वांत उंच शिखराच्या पाच घरांसाठी ‘कळसूबाई’तला ‘सू’ ऱ्हस्व की दीर्घ, यावर मग भांडणे जुंपतात. ही भांडणे मला मनापासून आवडतात, कारण ती मिटविण्यासाठी मुले माझ्या तोंडाकडे न पाहता पुस्तकाकडे धावतात.

परवा आमच्या जिल्ह्याचे नावच एका कोड्यात विचारले होते. जुना अंक असता तर ‘अहमदनगर’, सात घरे. २०२४ साली नाव बदलले. आता ‘अहिल्यानगर’, आणि घरे सहा. एक घर कमी झाले खरे, पण त्या सहा घरांत कोण राहावयास आले आणि सात घरांतून कोण उठून गेले, हे सांगण्यास पाचशे वर्षांचा इतिहास उलगडावा लागतो.

तेव्हा यंदा फराळाचे ताट पुढे घेऊन घरात कोणी कोड्यावर वाकलेले दिसले, तर त्याला रिकामटेकडा म्हणू नये. चकलीचा एक तुकडा मोडावा, शेजारी बसावे आणि विचारावे, “कितवा अडलाय? आडवा की उभा?”