सिग्नलची नोकरी संपली, पुढे काय? : १९११ ते अग्निवीर



या मालिकेत आपण लढाया आणि सेनापती यांच्याबद्दल बरंच बोललो. आज बोलायचंय ते कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या माणसाबद्दल. लढाईच्या फोटोत तो सहसा नसतो. पण त्याचा सेट बंद पडला तर सेनापतीसुद्धा आंधळा होतो. हा सिग्नलमन वर्दी उतरवून बाहेर आला की त्याच्या कामाला काय किंमत मिळते, हा आजचा विषय.

विषय सुचला तो घराजवळच. मी बंगळुरूत चामराजपेटेत राहतो. महिन्याभरापूर्वी इथल्या एका बँकेत पासबुक भरायला गेलो होतो. दारातल्या सिक्युरिटी गार्डने मला बघितलं आणि खाडकन सावधान झाला. “जय हिंद साहेब. ओळखलंत का?”

आवाजावरून ओळखलं. चेहऱ्यावरून नाही. सिग्नलच्या माणसाला माणसं आवाजावरूनच लक्षात राहतात. खानापूर तालुक्यातला हा गडी उत्तर सिक्कीममध्ये माझ्या हाताखाली रेडिओ डिटॅचमेंट सांभाळत होता. हवालदार म्हणून चोवीस वर्षांनी निवृत्त झाला. मुलगी इथे कॉलेजात शिकते, म्हणून बंगळुरूला आला.

मी विचारलं, “अहो, तुम्ही इथे कसे? वायरलेसचं एवढं काम येतं तुम्हाला.”

तो म्हणाला, “साहेब, मुलाखतीत विचारलं, काय करत होता. मी सांगितलं, ऑपरेटर होतो. ते म्हणाले, टेलिफोन ऑपरेटर आता कुठे असतात? मग बंदुकीचं लायसन आहे का विचारलं.”

घरी आलो आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. या माणसाच्या डिस्चार्जच्या कागदांवर सही माझी होती. कॅरेक्टर ‘एक्झेम्प्लरी’, म्हणजे वर्तणूक अत्युत्तम, असं मी लिहिलं होतं. तो काय काम करू शकतो, याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती.

आता जरा मागे जाऊ.

हिंदुस्थानी लष्करात सिग्नलची वेगळी शाखा सुरू झाली ती १५ फेब्रुवारी १९११ रोजी. त्याआधी निरोपाचं काम सॅपर्स, म्हणजे इंजिनिअर पलटणींकडे होतं. पहिल्या दोन सिग्नल कंपन्या उत्तर प्रदेशात फतेहगढला उभ्या राहिल्या, आणि पुढच्या दोन आपल्या अहमदनगरला. तेव्हाची साधनं म्हणजे झेंडे, दिवे, आरशावर ऊन पाडून चमकवायचा हेलिओग्राफ, आणि तार. वायरलेस नुकता येत होता. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरलेली होती. या शाखेला लिहिता-वाचता येणारा, हिशोबी डोक्याचा जवान लागणार. ‘तीव्र चौकस’ हे सिग्नल कोअरचं ब्रीदवाक्य. जलद आणि सावध, असा त्याचा साधा अर्थ.

लिहिता-वाचता येणारा माणूस प्रश्नही विचारतो. त्याचं सर्वांत मोठं उदाहरण मुंबईत घडलं.

दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्ही अनेक पटींनी वाढली. कुलाब्याला ‘तलवार’ नावाचं नौदलाचं सिग्नल प्रशिक्षण केंद्र होतं. नाव जहाजासारखं असलं तरी होतं जमिनीवर. तिथे टेलिग्राफिस्ट आणि सिग्नलमन तयार होत. ही पोरं शिकलेली होती आणि चांगल्या करिअरच्या आशेने भरती झाली होती. १९४५ मध्ये युद्ध संपलं आणि कपात सुरू झाली. हातात मोर्सची विद्या होती, बाहेर नोकरी नव्हती. त्यात निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वरच्या खलाशांनी जेवण नाकारलं. पुढे जे झालं ते नौदलाचं बंड म्हणून आपण शाळेत वाचलंय. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की बंड पेटलं ते सिग्नलच्या शाळेत, म्हणून ते इतक्या वेगाने पसरलं. वायरलेस त्यांच्याच हातात होता. दोन-तीन दिवसांत ते ७८ जहाजं, २० किनाऱ्यावरचे तळ आणि सुमारे २०,००० खलाशांपर्यंत पोचलं. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान सिग्नलमन, उपाध्यक्ष मदन सिंग टेलिग्राफिस्ट. त्याआधी भिंतींवर घोषणा लिहिल्या म्हणून पकडले गेलेले बी. सी. दत्त हेही टेलिग्राफिस्टच.

त्यांच्या मागण्यांची यादी बघा. आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका आहे, चांगलं जेवण आहे, ब्रिटिश खलाशांइतका पगार आहे. आणि आणखी एक मागणी आहे, जिच्याकडे इतिहासकारांचं फारसं लक्ष जात नाही. सैन्यातून मोकळं करायचं तर लवकर करा आणि शांततेच्या काळात पोट भरेल असं काम द्या. म्हणजे ‘पुढे काय?’ हा आमच्या हवालदाराचा प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी कुलाब्यात विचारला गेला होता.

उत्तर काय मिळालं? २३ फेब्रुवारीला सरदार पटेलांच्या सल्ल्याने संप मागे घेतला गेला. शेकडो खलाशांना नोकरीतून काढलं. स्वातंत्र्यानंतर ना भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. दत्त मुंबईतच राहिले, ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये पत्रकार झाले, पुढे जाहिरात क्षेत्रात गेले. त्यांना लिहिता येत होतं, म्हणून ते तरले.

पण याच काळात दुसरी एक दारं उघडणारी गोष्टही घडत होती. १९४६ मध्येच केंद्र सरकारने पोलिसांच्या वायरलेससाठी स्वतंत्र यंत्रणा सुरू केली. राज्याराज्यांत पोलिस बिनतारी विभाग उभे राहिले, आपल्या महाराष्ट्राचा पुण्यात. विमानतळ, व्यापारी जहाजं, आकाशवाणी, तार खातं, सगळ्यांना मोर्स जाणणारा किंवा ट्रान्समीटर दुरुस्त करणारा माणूस हवा होता. त्या पिढीतल्या सिग्नलमनला बाहेर स्वतःबद्दल फार समजावून सांगावं लागत नसे. मिनिटाला अमुक शब्द घेतो आणि पाठवतो, एवढं सांगितलं की पुरे. फौजेतलं काम आणि बाहेरचं काम एकच होतं. की तीच, कोड तोच.

बंगळुरूचं नशीब तर आणखी चांगलं. १९४८ मध्ये इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज इथे सुरू झाली. १९४९ मध्ये जलहळ्ळीला हवाई दलाचं टेक्निकल कॉलेज आलं. १९५४ मध्ये तिथेच फ्रान्सच्या सीएसएफ कंपनीच्या सहकार्याने भारत इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे आपली बीईएल, स्थापन झाली आणि दोन वर्षांत उत्पादन सुरू झालं. १९५८ मध्ये रडारवर काम करणारी एलआरडीई ही संरक्षण प्रयोगशाळा आली. सेट वापरणारे, बनवणारे आणि त्यावर संशोधन करणारे एका शहरात जमा झाले. आज ज्याला आपण आयटी सिटी म्हणतो, तिची एक मुळी या सरकारी रेडिओ कारखान्यांत आहे.

या गोष्टीत एक नाव घ्यायलाच हवं. मेजर जनरल ए. सी. अय्यप्पा. कोडगूचे. १९५४ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्याकडून सूत्रं घेऊन ते सिग्नल कोअरचे पहिले भारतीय प्रमुख झाले. आणि नंतर बीईएलचे व्यवस्थापकीय संचालक. आयुष्यभर ज्या सेटवर बोलले, ते सेट बनवणारा कारखाना त्यांनी चालवला. सैन्यातली विद्या नागरी कामात कशी उतरते याचं यापेक्षा मोठं उदाहरण मला माहीत नाही.

पण इथेच खरी मेख आहे. जनरलला कोणी विचारत नाही, ‘तुम्ही काय करत होता?’ त्याचा हुद्दाच त्याचं काम सांगतो. हवालदाराचा हुद्दा बाहेरच्या माणसाला काहीच सांगत नाही.

आणि मोर्सचा आधारही गेला. व्यापारी जहाजांवर उपग्रहाची नवी यंत्रणा १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्ण लागू झाली आणि रेडिओ ऑफिसर हे पदच जहाजावरून उतरलं. जुलै २०१३ मध्ये आपली तार सेवा बंद झाली. सैन्यातही हाताने जनरेटर फिरवून चालवायचे जुने सेट गेले, बीईएलने बनवलेली एरेन ही फिरती रेडिओ व्यवस्था आली, मग अॅस्कॉनचं जाळं, मग ऑप्टिकल फायबर. माझ्या डोळ्यांदेखत तीन पिढ्यांची यंत्रं भंगारात निघाली. ठरावीक सेट चालवता येणं ही विद्या आता दहा वर्षंही टिकत नाही.

मग टिकतं काय? त्या हवालदाराचंच उदाहरण घेऊ.

उत्तर सिक्कीममध्ये थंडीत बॅटरी उतरते. हा रात्री बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचा, म्हणजे पहाटेच्या कॉलला सेट चालू व्हावा. आकाशातला आयनांचा थर रात्री बदलतो, म्हणून दिवसाची फ्रिक्वेन्सी रात्री चालत नाही. ती कधी बदलायची हे तो तक्ता न बघता सांगायचा. लाइन तुटली तर टोकापासून चालत सुटायचा नाही. मधोमध जाऊन तपासायचा. अर्धी लाइन ठीक निघाली की उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर. पाच-सहा वेळा असं केलं की दोष सापडतो. प्रत्येक संदेश लॉगमध्ये, तारीख-तास-मिनिट अशा सहा आकड्यांसह. फ्लॅश, ऑप इमिजिएट, प्रायॉरिटी, रुटीन या क्रमाने. वरिष्ठ कितीही ओरडले तरी तो क्रम मोडायचा नाही. संदेश पोचला हे समोरून ऐकल्याशिवाय ‘पोचला’ लिहायचा नाही. आणि चोवीस वर्षांत ऐकलेलं बाहेर कुठे बोलला नाही.

आता हेच नागरी भाषेत सांगू. ‘दुर्गम भागात चोवीस तास संपर्क यंत्रणा चालवली. सहा जणांची पाळी लावली. वीजपुरवठा, अँटेना आणि केबलचे दोष शोधून दुरुस्त केले. तातडीप्रमाणे संदेश हाताळले. नोंदी ठेवल्या. गोपनीय माहिती सांभाळली.’ यात एक अक्षर खोटं नाही. आणि हा माणूस कुठे लागतो? मोबाइल टॉवर सांभाळणाऱ्या कंपनीत, नेटवर्कच्या नियंत्रण कक्षात, रुग्णवाहिकेच्या कंट्रोल रूममध्ये, वीज केंद्रात, मेट्रोच्या कंट्रोल सेंटरमध्ये. बंगळुरूत या सगळ्या जागा आहेत. त्याने फक्त ‘ऑपरेटर होतो’ एवढं सांगितलं, आणि मी तर तेवढंही लिहून दिलं नव्हतं.

गार्डची नोकरी हलकी आहे असं मी म्हणत नाही. कष्टाची आहे, इमानाची आहे. माझं म्हणणं एवढंच, की ती त्याने निवडलेली असावी. दुसरं दार दिसलंच नाही म्हणून तिथे उभं राहावं लागू नये.

हा प्रश्न आता मोठा होणार आहे. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंत जवान कायम, बाकीचे बाहेर. लष्करातल्या पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. माझा हवालदार चाळिशी ओलांडून बाहेर आला, पेन्शन घेऊन. ही पोरं ऐन तरुणपणी बाहेर येतील, पेन्शनशिवाय. त्यांच्यासाठी इग्नूची खास पदवी आखली आहे, तिचे निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाचे. विचार चांगला आहे. केंद्राच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना राखीव जागा पूर्वीपासून आहेत, गट ‘क’मध्ये १० टक्के. दिल्लीला पुनर्वसन महासंचालनालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे. पण एक काम कुठलंही कार्यालय करू शकत नाही. त्या माणसाने प्रत्यक्ष काय केलं, हे त्याच्याबरोबर काम केलेला अधिकारीच लिहू शकतो.

म्हणून शेवटी तीन विनंत्या. हा भाग बघणारे सेवेतले अधिकारी असतील, तर जवान निवृत्त होताना अर्धा तास काढा आणि त्याच्या कामाचं एक पान साध्या भाषेत लिहून द्या. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या सिग्नलच्या जवानांनी रोज एक ओळ लिहा, आज कुठला दोष काढला, किती वेळात काढला. कोणी नोकरी देणारे असाल, तर माजी सैनिकाला ‘काय होता?’ असं विचारू नका. ‘एखादी रात्र सांगा, जेव्हा सगळं बंद पडलं होतं’, असं विचारा. मग गप्प बसून ऐका.

मी त्या हवालदाराला पुढच्या रविवारी घरी बोलावलं. चहा झाला. माझ्या टेबलावर दोघं बसलो आणि ते एक पान लिहिलं, मराठीत. मुलीने त्याचं इंग्रजी आणि कन्नड केलं. अर्ज गेले आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. तो सकाळी अजून बँकेच्या दारातच उभा असतो. पण परवा मला म्हणाला, “साहेब, ते पान वाचून बायको म्हणाली, हे सगळं तुम्ही करत होता होय? मला कधी सांगितलंच नाही.”

ते पान लिहायला मी बारा वर्षं उशीर केला. तुम्ही करू नका.

जय हिंद.