करंजीची कुळकथा

करंजी करायची तर गहू हवा, आणि गहू हे आपल्या देशावरच्या शेतकऱ्याचे रोजचे धान्य अगदी अलीकडेपर्यंत नव्हते. ताटात भाकरी असायची ज्वारीची, नाहीतर बाजरीची. भाकरी थापता येते, पण त्या पिठाची पारी कागदासारखी लाटून, तिच्यात सारण भरून ती तळता येत नाही. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही. पारी फुटते, सारण तेलात जाते आणि बाईची मेहनत पाण्यात जाते. म्हणून काळ्या रानात रब्बीला थोडा खपली गहू करायचा आणि तो सणासाठी राखून ठेवायचा, अशी रीत होती.

राखलेला गहूसुद्धा तसाच कामाला येत नसे. तो ओलवायचा, जात्यावर दळायचा, मग चाळणीने आणि शेवटी फडक्याने गाळायचा. त्यातून कोंडा निराळा, रवा निराळा, आणि अगदी तलम असे सपीठ निराळे. मैदा हा शब्द आपल्याकडे फारशीतून आला, आणि गिरणीचा मैदा तर त्याच्याही पुष्कळ नंतर. त्याआधी ही सगळी गिरणी घरातच होती आणि ती बायकांच्या दोन हातांवर चालत होती. भिजवलेला रवा पाट्यावर कुटून कुटून लोण्यासारखा मऊ करायचा, हे काम तर खांदे भरून येण्याचे. तळणाचा दिवस आपण पाहतो तो शेवटचा. त्याच्या आधीचे आठ दिवस कुणी मोजत नाही.

हा मुद्दा मी मुद्दाम धरून ठेवतो आहे, कारण जुन्या ग्रंथांत खाण्याचे पदार्थ सापडतात, पण ते करणारी माणसे सहसा सापडत नाहीत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बीदर जिल्ह्यातले, आपल्या लातूर-धाराशिवच्या अगदी शेजारचे. या ग्रंथात अन्नभोग नावाचे एक प्रकरण आहे. त्यात मांडे आहेत, पोळ्या आहेत, वडे आहेत, पुरिका आहेत. दूध नासवून त्याच्या चोथ्यात तांदळाची पिठी मिसळायची, ते तुपात तळून साखरेत घोळायचे, असाही एक प्रकार आहे. राजाची जीभ चांगली होती यात शंका नाही! पण मला स्वतःला त्या ग्रंथातली दुसरीच एक नोंद अधिक मोलाची वाटते. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असे सोमेश्वर लिहून ठेवतो. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईचे नाव त्याने लिहिले नाही, पण तिचा आवाज त्याच्या कानापर्यंत पोहोचला होता एवढे खरे. शिक्षक मंडळींनी वर्गात कल्याणीचे चालुक्य शिकवताना मंदिरांबरोबर ही एक ओळही जरूर सांगावी.

आता तळायचेच का, हे पाहू. पीठ तापलेल्या तेलात पडले की त्यातल्या पाण्याची वाफ होऊन निघून जाते. बुडबुडे येतात ते त्या वाफेचे. पाणी गेले की बुरशीला जागा उरत नाही, आणि पदार्थ पंधरा-वीस दिवस टिकतो. पिठात कडकडीत मोहन घालतात ते याच हिशोबाने. तेल पिठाच्या कणांना गुंडाळते, चिवटपणा थोडा मोडतो आणि करंजी खुसखुशीत होते. मोहन कमी झाले तर ती दगड होते, जास्त झाले तर कढईतच विरघळते. साट्याच्या करंजीत हीच युक्ती थरांवर केलेली असते. तूप आणि तांदळाची पिठी फेसून पोळीवर फासायची, पोळ्यांवर पोळ्या ठेवून वळकटी करायची, तिचे तुकडे लाटायचे. तूप मध्ये असल्यामुळे थर एकमेकांना चिकटत नाहीत, वाफ त्यांना उचलते, आणि पापुद्रे सुटतात. आच मात्र मंद हवी. घाई केली की बाहेरून लाल आणि आतून कच्ची.

सारणातही टिकण्याचाच विचार आहे. देशावर सुके खोबरे, खसखस, तीळ, सगळे भाजून घेतलेले. कोकणात ओल्या नारळाचे सारण करतात, ते चवीला फार सुरेख, पण एक-दोन दिवसांत संपवावे लागते.

नावाची गंमत अशी की गोव्यात ही नेवरी आहे, आपल्याच काही भागांत कानवला, कर्नाटकात करजीकाई, आंध्रात कज्जिकाया, गुजरातेत घुघरा आणि उत्तरेत गुजिया. मराठी, कानडी आणि तेलुगू नावे एकमेकांच्या किती जवळची आहेत पाहा. दख्खनच्या स्वयंपाकघरांना राज्यांच्या सीमा फारशा ठाऊक नव्हत्या.

शंकरपाळ्यांची कथा याहून मजेदार आहे. त्यांचा भगवान शंकराशी काही संबंध नाही. फारशीत शकर म्हणजे साखर आणि पारा म्हणजे तुकडा. शकरपाऱ्याचे आपण शंकरपाळे केले आणि सोवळ्यात घेतले! खेड्यात मात्र त्याच आकाराच्या कापण्या आषाढात होतात. आखाड तळणे म्हणतात ते हेच. कापणीला कणीक आणि गूळ, शंकरपाळ्याला मैदा आणि साखर. गूळ घरच्या गुऱ्हाळाचा, साखर बाजारची, एवढ्या एका फरकात पुष्कळ इतिहास आहे.

ही बाजारची साखर एके काळी समुद्रावरून येई. मॉरिशसहून आली म्हणून तिला मोरस साखर हे नाव पडले. पुढे जावाचीही साखर येऊ लागली. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला. १९३२ साली सरकारने बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसवली, देशात कारखाने वाढले, आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेकाठी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मधल्या महायुद्धाच्या वर्षांत साखर रेशनवर गेली होती, तेव्हा सारणात पुन्हा गूळ आला. तुपाचेही तसेच. १९३७ साली डालडा नावाचे वनस्पती तूप बाजारात आले आणि ज्यांना साजूक तुपाचे तळण परवडत नव्हते त्यांच्या घरीही पापुद्रे सुटू लागले. शेंगदाणा तर मुळात अमेरिकेचा. तेव्हा ‘परंपरेची करंजी’ म्हणताना जरा जपून म्हणावे. तिची घडी जुनी आहे, आतला माल दर पिढीत बदललेला आहे.

करंजीची कड हाताने दुमडत नेतात, तिला मुरड म्हणतात. आता कातण्याने कड कापतात, साचाही मिळतो, आणि त्यात काही वाईट नाही. पण मुरडीला एक अर्थ होता. मुरडणे म्हणजे मागे वळणे. गौरी निघते त्या दिवशी पुष्कळ घरी मुरडीच्या कानवल्याचा नैवेद्य असतो. जाणाऱ्या माहेरवाशिणीने मुरडून पुन्हा यावे, ही त्यातली इच्छा. लेक सासरी निघाली की तिच्या डब्यातही तो जाई. पोटातले बोलायची सोय नव्हती तिथे आया पिठाला मुरड घालीत होत्या.

हल्ली गावोगावच्या बचत गटांच्या बायका दिवाळीचा फराळ करून किलोच्या भावाने विकतात. ‘घरचे ते घरचे’ म्हणून नाक मुरडणारे लोक भेटतात. मला त्यांचे पटत नाही. जे काम शेकडो वर्षे कुणी मोजले नाही त्याला आता निदान दर तरी लागतो. पूर्वी शेजारणी एकमेकींकडे जात, आज हिच्याकडे तर उद्या तिच्याकडे, आणि शंभर-शंभर करंज्या बसल्या बैठकीत होत. त्या मदतीचा हिशोब तोंडी असे, पण चोख असे.

त्या तोंडी हिशोबातले एक खाते पुष्कळ गावांत अजून चालू आहे. ज्या घरी वर्षभरात माणूस गेले आहे तिथे दिवाळीला कढई चढत नाही. मग शेजारची वहिनी, भावकीतली काकू झाकलेले ताट घेऊन येते. ती फार बसत नाही, फार बोलतही नाही. पोरे ताटाभोवती जमतात. चार दिवसांनी ते ताट घासून परत जाते, पण रिकामे जात नाही. काही नसले तर चिमूटभर साखर तरी त्यात असते.