लाल दिवा लागला, पुढे काय?

मंडळी, 'कॉलेजं सुधारायला एआय' म्हटलं की हल्ली डोळ्यांपुढे आधी चॅटबॉट येतो. पण कॉलेजं या नादाला त्याच्या बरीच आधी लागली होती. तेव्हा याला 'प्रेडिक्टिव्ह अ‍ॅनालिटिक्स' असं भारदस्त नाव होतं. कल्पना साधी: जुन्या विद्यार्थ्यांचा डेटा घ्यायचा, त्यातला पॅटर्न शोधायचा आणि आत्ताच्या पोरांपैकी कोण गटांगळ्या खाणार ते आधीच सांगायचं. या भविष्यकथनाचा इतिहास मोठा मजेशीर आहे, म्हणून हा शनिवार त्याच्या नावे.

सुरुवात करू अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठापासून. तिथे २००७ मध्ये 'कोर्स सिग्नल्स' नावाची सिस्टिम आली. आतापर्यंतचे मार्क, ऑनलाइन कोर्सवर विद्यार्थी किती फिरकतो, आधीची शैक्षणिक कामगिरी वगैरे घालून प्रोग्रॅम प्रत्येकाला एक दिवा दाखवायचा. लाल, पिवळा किंवा हिरवा, थेट सिग्नलसारखा. आणि तोही सेमिस्टरच्या पहिल्या काही आठवड्यांतच! आपल्याकडे डिफॉल्टर लिस्ट लागायची ती सेमिस्टर संपत आल्यावर, म्हणजे गाडी आपटल्यावर सिग्नल. त्यामुळे मला तर हे फारच आवडलं.

पुढे दावा असा झाला की सिग्नल्सवाले दोन किंवा जास्त कोर्स केलेले विद्यार्थी कॉलेजात टिकण्याचं प्रमाण २१ टक्क्यांनी जास्त आहे. झालं, सगळीकडे वाहवा! पण २०१३ मध्ये माइक कॉलफील्ड आणि अल्फ्रेड एस्सा या दोघांनी त्यात एक बग दाखवला. जो पोरगा कॉलेजात टिकतो, त्याच्या वाट्याला कोर्सही जास्त येतात आणि ओघानेच सिग्नल्सवाले कोर्सही जास्त येतात. म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल! एस्साने तर एक सिम्युलेशनच लिहिलं. त्यात विद्यार्थ्यांना नुसती चॉकलेटं वाटली, कुणालाही, कशीही. तरी दोन किंवा जास्त चॉकलेटं मिळालेले विद्यार्थी जास्त टिकलेले दिसले :) दिवे निरुपयोगी होते असं यातून सिद्ध होत नाही. पण तो २१ टक्क्यांचा आकडा काही उभा राहिला नाही.

आता अटलांटात जाऊ. जॉर्जिया स्टेट हे सरकारी विद्यापीठ. २००३ मध्ये तिथे सहा वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांचं प्रमाण होतं ३२ टक्के. म्हणजे तिघांतला एक. २०१२ मध्ये त्यांनी जुना डेटा चाळून धोक्याच्या ८०० हून जास्त खुणा ठरवल्या आणि दर विद्यार्थ्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. मुख्य विषयाच्या पहिल्याच कोर्सात 'सी' मिळाला की अलार्म. पदवीला न लागणारा कोर्स घेतला की अलार्म.

इथवर सगळं पर्ड्यूसारखंच. फरक पुढे आहे. जॉर्जिया स्टेटने त्याच सुमारास ४२ नवे सल्लागार नेमले. आधी एका सल्लागारामागे साधारण ७०० विद्यार्थी होते, ते ३०० च्या आसपास आणले. अलार्म वाजला की एक जिवंत माणूस त्या पोराला बोलावून विचारायचा, 'काय रे, काय अडलंय?' आणि कित्येकांचं अडलेलं असायचं ते पैशांपायी. काहीशे डॉलर फी राहिली म्हणून नाव कापलं जायचं. त्यासाठी छोटी अनुदानंही सुरू झाली. पुढे पदवीचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या वर गेलं. यात सॉफ्टवेअरचा वाटा किती आणि माणसांचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. आणि मला वाटतं, गंमत त्यातच आहे.

नाण्याची दुसरी बाजू मेरीलँडमधल्या माउंट सेंट मेरीज विद्यापीठात दिसते. तिथले अध्यक्ष सायमन न्यूमन खासगी गुंतवणुकीच्या धंद्यातून आलेले. तिथे नव्या मुलांना एक प्रश्नावली दिली गेली. बेत असा, की तिच्यातून कच्चे वाटणारे २०-२५ विद्यार्थी हेरायचे आणि सरकारला पटसंख्या कळवायच्या तारखेआधीच त्यांना घरी पाठवायचं. म्हणजे टिकणाऱ्यांची टक्केवारी आपोआप चढते! बेत प्रत्यक्षात उतरला नाही. जानेवारी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने तो चव्हाट्यावर आणला. मग दोन प्राध्यापकांना काढलं, पुन्हा घेतलं आणि फेब्रुवारीअखेर खुद्द न्यूमन यांनाच राजीनामा द्यावा लागला.

शाळेतलं गणित आठवा. टक्केवारी दोन तऱ्हांनी वाढते: अंश वाढवा किंवा छेद कमी करा. जॉर्जिया स्टेटने अंश वाढवला, माउंट सेंट मेरीजला छेद कापायचा होता. 'हा पोरगा धोक्यात आहे' हे भाकीत दोन्हीकडे सारखंच. ते ऐकून हात द्यायचा की दार दाखवायचं, हे मात्र अल्गोरिदम सांगत नाही.

आणि भाकीत तरी कुठे निष्पाप असतं? २०२१ मध्ये 'द मार्कअप'ने उघड केलं की अमेरिकेतली काही मोठी विद्यापीठं अशा सॉफ्टवेअरमध्ये विद्यार्थ्याचा वंशही एक घटक म्हणून वापरत होती. कृष्णवर्णीय मुलांवर 'जास्त धोका' हा शिक्का गोऱ्या मुलांच्या कितीतरी पट जास्त बसत होता. जुन्या डेटात जुने अन्यायही असतात. मॉडेल तेही मन लावून शिकतं.

थोडक्यात काय, तर लाल दिवा लावणं हा स्वस्त भाग आहे. तो आपल्यातला कुणीही दोन-चार वीकेंडमध्ये लिहील. महाग आहे तो दिवा बघून खुर्चीतून उठणारा माणूस. उद्या तुमच्या जुन्या कॉलेजने 'आम्ही एआय आणलं' अशी जाहिरात केली, तर एकच विचारा: सल्लागार किती नेमले?

असो. आजपुरतं एवढंच.